हमिंगबर्डची लाडीगोडी आणि हमिंगबर्डची मारामारी: या भानगडीची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात ज्यांच्या घरामागे थोडीफार झाडं आहेत त्या मराठी मंडळींनी डिसेंबर-जानेवारीत हा प्रकार बघितलेला असतोच. अंगठ्याएवढा एक पक्षी सरळ वर वर जातो, ३० मीटरच्या आसपास, म्हणजे दहा मजली बिल्डिंगच्या गच्चीएवढा, टिपकाही नीट दिसेनासा होतो, आणि तिथून जो खाली सूर मारतो तो थेट एखाद्या झुडपाच्या शेंड्यापाशी येतो, 'चीप्' असा एक कडक आवाज काढतो आणि परत वर. हा अ‍ॅनाज हमिंगबर्डचा नर. बघणारा म्हणतो वा, मादीला इम्प्रेस करतोय, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मग तोच पठ्ठ्या शेजारच्या मांजरावर तसाच सूर मारतो, दुसऱ्या नरावर मारतो, झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरही मारतो. आता याला प्रेम म्हणायचं की दमदाटी?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीये आणि आजचाही नाहीये. माणसांनी या पक्ष्याकडे बघायला सुरुवात केली तेव्हापासून प्रत्येकाला यातलं अर्धंच दिसत आलंय, कुणाला नुसता योद्धा, कुणाला नुसता दागिना, आणि दोन्ही एकाच पक्ष्यात एकाच वेळी असतं हे नीट मोजून मापून दाखवायला विसावं शतक संपत यावं लागलं.

सुरुवात अर्थातच तिकडचीच. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांतच सापडतात, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत साडेतीनशेहून जास्त जाती. (आपल्याकडे 'कोकणात हमिंगबर्ड दिसला' म्हणून जे व्हिडिओ फिरतात तो शिंजीर असतो नाहीतर फुलांपुढे तरंगणारा एक पतंग असतो, त्यामुळे ते फॉरवर्ड करायच्या आधी जरा थांबा. शिंजीर म्हणजे चिमण्यांच्या गणातला, हमिंगबर्ड पाकोळीचा नातेवाईक, दोघांचा धंदा एक म्हणून चेहरेपट्टी सारखी झाली एवढंच.) मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोकांचा मुख्य युद्धदेव होता हुइत्झिलोपोच्त्ली, त्याचं नावच हमिंगबर्डवरून पडलेलं. त्याची जन्मकथाही पिसांचीच आहे, त्याची आई डोंगरावर झाडलोट करत असताना वरून पिसांचा एक गोळा पडतो, ती तो पोटाशी ठेवते आणि तिला दिवस जातात, आणि हा बाळ जन्मतो तोच शस्त्रं घेऊन, आणि जन्मल्या जन्मल्या आईला मारायला आलेल्या बहिणीचा आणि भावांचा समाचार घेतो. लढाईत मेलेले योद्धे चार वर्षं सूर्यासोबत राहतात आणि मग हमिंगबर्ड आणि फुलपाखरं होऊन मध प्यायला परत येतात अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणजे चार-पाच ग्रॅमच्या पाखराला युद्धाशी जोडणारे हे लोक भोळे वगैरे नव्हते, त्यांनी रोज अंगणात बघितलेलंच देवाला चिकटवलं होतं. गंमत म्हणजे त्याच मेक्सिकोत वाळवलेला हमिंगबर्ड वशीकरणाचा, प्रेम मिळवून देणारा ताईत म्हणूनही विकला जात आलाय आणि बेकायदा असूनही हा धंदा अजून चालतो, अमेरिकेच्या हद्दीवर पकडलाही जातो. एकाच पक्ष्याकडे दोन्ही खाती!

स्पॅनिश आले तेव्हा त्यांनीही पहिल्यांदा काय टिपलं तर भांडखोरपणा. गोन्झालो फर्नांडेझ दे ओविएदो हा सोळाव्या शतकातला इतिहासकार लिहून गेलाय की अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा नसलेला हा पक्षी, पण घरट्याच्या झाडावर माणूस चढताना दिसला की थेट तोंडावर येतो. त्यानंतर मात्र युरोपात जे पोचले ते बहुतेक मेलेले, वाळवलेले, पेंढा भरलेले हमिंगबर्ड. मेलेला पक्षी भांडत नाही, नाचत नाही, फक्त चमकतो. त्यामुळे पुढची शे-दोनशे वर्षं युरोपातल्या दिवाणखान्यांत हमिंगबर्ड म्हणजे उडतं रत्न एवढीच ओळख राहिली.

याचा कळस म्हणजे जॉन गुल्ड, इंग्लंडचा पक्षी-अभ्यासक. लंडनमध्ये १८५१ साली ते प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच वर्षी गुल्डसाहेबांनी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात स्वतःच्या हमिंगबर्ड कलेक्शनचा वेगळा शो लावला, काचेच्या पेट्यांमध्ये पेंढा भरलेले शेकडो पक्षी, तिकीट सहा पेन्स, ७५ हजार लोक बघून गेले आणि खुद्द राणी व्हिक्टोरियाही आली. या कुळावरचा त्यांचा चित्रांचा भलाथोरला ग्रंथ १८४९ ते १८६१ असा हप्त्याहप्त्याने निघत राहिला. आणि या माणसाने स्वतः जिवंत हमिंगबर्ड पहिल्यांदा कधी बघितला? १८५७ साली, फिलाडेल्फियात! म्हणजे ग्रंथाचा निम्म्याहून जास्त भाग छापून झाल्यावर. येताना त्यांनी दोन-चार जिवंत घेऊन यायचा प्रयत्नही केला पण ते काही टिकले नाहीत. आता यात गुल्डना हसण्यासारखं काही नाही, त्या काळात कामाची पद्धतच तशी होती, पण नरांच्या गळ्यावर झगमगीत पिसांचा जो पट्टा असतो त्याचा उपयोग काय हे पेटीतल्या पक्ष्याकडून कळणार नव्हतं हे उघड आहे.

डार्विनकडे मात्र दोन्ही बाजूंचं मटेरियल होतं. १८७१ साली लैंगिक निवडीबद्दल (म्हणजे जोडीदार मिळवायच्या चढाओढीतून प्राण्यांचं रूप-वागणं घडतं याबद्दल) त्याने जे लिहिलं त्यात हमिंगबर्ड दोनदा वेगवेगळ्या कामाला येतात. एकदा नटवेपणासाठी, मादी निवडते म्हणून नर असे सजले असावेत या मुद्द्याला. आणि एकदा मारामारीसाठी. तिथे त्याने जमैकात राहून आलेल्या गॉस या निसर्ग अभ्यासकाचा दाखला दिलाय, दोन हमिंगबर्डनी एकमेकांच्या चोची धरल्या आणि गरगर फिरत जवळजवळ जमिनीवर आले म्हणून, आणि मेक्सिकोच्या मोन्तेस दे ओका यांचं निरीक्षण दिलंय ते तर अंगावर काटा आणणारं आहे: पिंजऱ्यात ठेवलेल्या नरांची भांडणं बहुतेक एकाची जीभ चिरली जाऊन संपायची, आणि जीभ गेली की खाता येत नाही म्हणून तो हमखास मरायचा. उत्क्रांतीचा विचार डार्विनसारखाच स्वतंत्रपणे मांडणारा निसर्ग अभ्यासक वॉलेस, त्याला मादीच्या आवडीनिवडीची ही थिअरी पटायची नाही. तो स्वतः अ‍ॅमेझॉनमध्ये चार वर्षं काढून आलेला, त्याचं म्हणणं की हे रंग म्हणजे अंगातल्या जोमाचं लक्षण, जो जास्त चपळ आणि जास्त भांडकुदळ त्याच्यावर रंग जास्त. दोघांचा वाद पुढे पार दोघं मरेपर्यंत मिटला नाही. माझ्या मते हमिंगबर्डपुरतं बोलायचं तर वॉलेसची थिअरी चुकली पण त्याची नजर बरोबर होती, रंग आणि भांडण एकमेकांना धरून जातात हे त्याला दिसलं होतं.

मग बराच काळ गाडी अडली ती साध्या कारणाने, हे प्रकरण डोळ्यांना दिसतच नाही इतकं फास्ट आहे. विसाव्या शतकात फ्लॅश आणि हाय-स्पीड फोटोग्राफी आली तेव्हा कुठे पंख थांबवून बघता यायला लागले. यातला एक हौशी माणूस म्हणजे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट, ड्यूपाँट या अवाढव्य केमिकल कंपनीचा प्रेसिडेंट, जो वेळ काढून हमिंगबर्डच्या मागे कॅमेरा घेऊन फिरायचा आणि त्याने १९६० मध्ये फोटोंचं पुस्तकही काढलं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिसांच्या रंगाचंही कोडं बरंचसं सोडवलं, गळ्याचा तो गुलाबी-लाल रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही तर पिसातल्या हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या अतिसूक्ष्म चकत्यांच्या थरांतून उजेड परतताना तयार होतो, म्हणूनच एका कोनातून निखारा आणि जरा मान वळवली की काळा ठिक्कर. हा कोनाचा मुद्दा लक्षात ठेवा. कारण १९६५ मध्ये हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकाने दाखवलं की अ‍ॅनाजचा नर सूर मारताना आपली दिशा सूर्य बघून ठरवतो, ज्याच्यासाठी हा खेळ चाललाय त्याच्या डोळ्यावर गळ्याची चमक जाईल अशी. म्हणजे हा आंधळा उत्साह नाही, लाईट बघून केलेला परफॉर्मन्स आहे.

आता सगळ्यात मजेदार भांडण, आणि हे पक्ष्यांचं नाही, शास्त्रज्ञांचं. तो सूर मारताना तळाला येणारा 'चीप्' आवाज कुठून येतो, घशातून की शेपटीतून? १९४० मध्ये रॉजर्स यांनी शेपटीचं पीस बांबूच्या बारीक काठीला बांधून हवेत सपकन फिरवलं आणि आवाज आला, म्हणून ते म्हणाले शेपूट. विषय संपला असं वाटलं. पण १९७९ मध्ये लुईस बॅप्टिस्टा आणि त्यांच्या सहलेखिकेने (बॅप्टिस्टा म्हणजे पक्ष्यांच्या गाण्यातला दादा माणूस) आवाजाचे ग्राफ काढून दाखवलं की हा आवाज नराच्या बसून गायच्या गाण्यातल्या एका तुकड्याशी हुबेहूब जुळतो, मग तो घशातूनच येत असणार. पुरावा चांगला होता, नाव मोठं होतं, आणि तीसेक वर्षं बऱ्याच लोकांनी तेच धरून ठेवलं.

मग बर्कलीतले क्रिस्टोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी उघड्या जागेवर नरांच्या हद्दी असतात, तिथे पिंजऱ्यात मादी नाहीतर पेंढा भरलेली मादी ठेवायची की नर सूर मारायला लागतो, आणि समोर हाय-स्पीड कॅमेरा लावलेला. त्यात दिसलं की अगदी तळाला नर शेपटी फटकन उघडतो आणि मिटतो, सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागात, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि आवाज नेमका तेवढाच वेळ. मग त्यांनी काही नर पकडून शेपटीची सगळ्यात बाहेरची दोन पिसं काढली, काहींच्या पिसाची फक्त आतली कड कापली, आणि सोडून दिले. नर पूर्वीसारखेच वर गेले, पूर्वीसारखेच खाली आले, पण तळाला आवाज गायब! (पिसं काही आठवड्यांत परत येतात, त्यामुळे कुणाचं कायमचं नुकसान नाही.) आणि सुटं पीस लॅबमध्ये वाऱ्याच्या झोतात धरलं की तोच चार किलोहर्ट्झच्या आसपासचा सूर. हे २००८ मध्ये छापून आलं आणि रॉजर्स यांची काठी अडुसष्ट वर्षांनी बरोबर ठरली. पुढे २०११ मध्ये यामागचं फिजिक्सही आलं, पिसाची कड ठराविक वेगाच्या वाऱ्यात झेंड्यासारखी फडफडते आणि तीच वाजते, प्रत्येक जातीच्या पिसाचा आकार वेगळा म्हणून सूर वेगळा. बॅप्टिस्टांनी जे साम्य दाखवलं होतं ते मात्र खोटं नव्हतं हां, गाणं आणि शेपूट खरंच सारखं वाजतं, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा निघाला.

क्लार्कने वेगही मोजला, २००९ मध्ये. सेकंदाला २७.३ मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ शंभर किलोमीटर. आकडा मोठा वाटणार नाही कदाचित, पण स्वतःच्या लांबीच्या हिशोबाने बघा, सेकंदाला ३८५ अंगलांब्या, सूर मारणाऱ्या बहिरी ससाण्यापेक्षाही जास्त. आणि तळाला वळताना अंगावर जो ताण येतो तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास नऊ पट, जिथे फायटर पायलटलाही खास सूट घालून घेरी सांभाळावी लागते. हे कशासाठी? तर तीन-चार फुटांवरून बघणाऱ्या एका फांदीवरच्या मादीसाठी. किंवा मांजरासाठी.

इथे परत मूळ प्रश्नावर येतो. गॅरी स्टाइल्स यांचा १९८२ चा अ‍ॅनाजवरचा पेपर आहे, त्याच्या शीर्षकातच भांडण आणि प्रियाराधन दोन्ही एकत्र घेतलेत, आणि ते बरोबरच आहे कारण एकाच नराची तीच हत्यारं दोन्हीकडे चालतात. याचा सगळ्यात सुंदर पुरावा त्याच सुमाराला कोलोरॅडोच्या डोंगरातून आला. तिथे ब्रॉड-टेल्ड नावाची जात आहे, तिच्या नराच्या पंखाच्या टोकाची पिसं उडताना सतत किणकिण वाजतात, तो नुसता इकडून तिकडे गेला तरी कळतं. मिलर आणि इनोये यांनी १९८३ मध्ये काय केलं, काही नरांच्या त्या पिसांना गोंद लावून आवाज बंद केला. बाकी पक्षी तसाच, उडणं तसंच, रंग तसाच. पण मुके झालेले नर मवाळ झाले, दुसऱ्यांवर कमी धावून जायला लागले आणि त्यांच्या हद्दी हातच्या गेल्या. ज्याला लोक मादीसाठीचं संगीत समजत होते ते कंपाउंडची भिंतही होतं.

याच ब्रॉड-टेल्डवर २०१८ मध्ये बेनेडिक्ट होगन आणि मेरी स्टॉडर्ड यांनी सगळे तुकडे जोडले. नर इंग्रजी यू अक्षरासारखा सूर मारतो, आणि सगळ्यात जास्त वेग, शेपटीचा आवाज आणि गळ्याच्या रंगाचा स्फोट हे तिन्ही मिळून ३०० मिलिसेकंदांच्या आत उरकतो, मादीजवळून जाताना. तिच्या बाजूने बघितलं तर गळा लालभडक होऊन काळा व्हायला १२० मिलिसेकंद लागतात. ग्रीनवॉल्टचा कोन, हॅमिल्टनचा सूर्य, रॉजर्सचं पीस, सगळं सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात. आणि त्याच वर्षी क्लार्कने वाळवंटातल्या कॉस्टाज हमिंगबर्डबद्दल सांगितलं ते तर अजूनच बेरकी आहे: हा नर मादीच्या डोक्यावरून नाही तर बाजूने सूर मारतो आणि शेपटीची एकच बाजू तिच्याकडे वळवतो. बाजूने गेल्यामुळे जवळ येणाऱ्या-लांब जाणाऱ्या ट्रेनच्या शिट्टीचा सूर जसा बदलतो तसा इथे फारसा बदलत नाही, म्हणजे आवाजावरून त्याचा खरा स्पीड किती हे मादीला ताडता येत नाही. बायोडेटात गॅप लपवल्यासारखंच की हे!

भांडणाचं अर्थकारण मी थोडक्यात उरकतो कारण ते तसं सरळ आहे. हद्द राखायला पेट्रोल जाळावं लागतं, त्यातून मिळणारा मध जास्त असेल तरच ते परवडतं, हा विचार १९६४ मध्ये जेरम ब्राउन यांनी मांडला आणि पहिली नावाजलेली उदाहरणं हमिंगबर्ड आणि आफ्रिकेतले शिंजीर यांच्यातूनच आली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात स्थलांतर करणाऱ्या रूफस हमिंगबर्डच्या बसायच्या काडीखाली चक्क बारीक वजनकाटे लावले गेले, आणि दिसलं की पक्षी रोज आपली हद्द कमी-जास्त करत करत वजन सगळ्यात भराभर वाढेल त्या मापावर येतो. कुठला एमबीए न करता. कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावर तर जांभळ्या गळ्याचा नर स्वतःला लागतात त्याहून कितीतरी जास्त फुलं अडवून ठेवतो आणि मादीला तिथे पिऊ देतो, तिथे मारामारी हाच प्रियाराधनेचा खर्च आहे. आपण अंगणात एकाला चार साखर-पाण्याचा फीडर टांगतो तेव्हा न आटणारं फूल टांगतो, मग एकच दादा दिवसभर फांदीवर बसून बाकीच्यांना हाकलत बसतो यात त्याचा दोष नाही.

चोच ही फक्त मध पिण्याची नळी असं समजायचे त्यालाही २०१५ मध्ये धक्का बसला. मध्य अमेरिकेच्या जंगलात हर्मिट नावाच्या लांब चोचीच्या जाती असतात, त्यांचे नर झाडीत अड्डा जमवून आपापल्या फांदीवर बसून दिवसच्या दिवस गातात, मादी येते आणि त्यांच्यातला एक निवडते. कोस्टारिकातल्या ला सेल्वा केंद्रात अलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्सेलो अराया-सालास यांनी बघितलं की मोठ्या नरांच्या चोचीचं टोक माद्यांपेक्षा लांब आणि सुईसारखं टोकदार असतं, ताणलेल्या पापुद्र्यात सहज घुसतं, आणि ज्याची चोच जास्त टोकदार त्याच्याकडे अड्ड्यावरची जागा असण्याची शक्यता जास्त. गळ्यावर भोसकाभोसकी चालते ती उगाच नाही. मोन्तेस दे ओकाच्या पिंजऱ्यातल्या चिरलेल्या जिभा आठवल्या असतील.

इतका वेळ नर-नर चाललंय, कारण दीडशे वर्षं अभ्यासही तसाच चालला. माद्या म्हणजे फांदीवर बसून परीक्षा घेणाऱ्या, बस्स. ते चित्र पनामातल्या गांबोआ इथल्या कामाने बदललं, जे फाल्क आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. पांढऱ्या मानेचा जॅकोबिन म्हणून हमिंगबर्ड आहे, नर निळा-पांढरा झळझळीत, मादी हिरवट मळकी. पण सुमारे २० टक्के मोठ्या माद्या हुबेहूब नरासारख्या दिसतात, आणि पिल्लं तर सगळीच तशी दिसतात, नर असो की मादी, म्हणजे बाकीच्या माद्या मोठ्या होताना तो पोशाख उतरवतात आणि या उतरवत नाहीत. डार्विनच्या हिशोबाने बघायला गेलं तर अशा माद्यांवर नर जास्त भाळायला हवेत. फीडरवर पेंढा भरलेले पक्षी ठेवून बघितलं तर उलटंच, नरांचा ओढा साध्या माद्यांकडेच होता, आणि त्यांनाच पाठलाग आणि चोचीचा मारही जास्त बसत होता. पक्ष्यांना चिप लावून मोजलं तेव्हा नराच्या वेशातल्या माद्या फीडरवर जास्त वेळा येत होत्या आणि जास्त वेळ टिकत होत्या, कारण त्यांच्या वाटेला फारसं कुणी जात नव्हतं.